सर्वांत दूरचा मावळ

सूर्य मावळतो तिकडचा मुलूख तो मावळ. पुण्याच्या पश्चिमेला डोंगरकुशीत राहणाऱ्या माणसाला ही व्युत्पत्ती कुणी शिकवावी लागत नाही. अरबी भाषेत याच घडणीचा एक शब्द आहे : मगरिब. त्याच्या मूळ धातूत मावळणं आहे, दूर जाणं आहे, परकेपणही आहे. संध्याकाळच्या नमाजाला मगरिब म्हणतात ते त्यामुळेच. आपल्या रोजच्या बोलण्यातला 'गरीब'सुद्धा याच धातूतून निघाला. अरबीत त्याचा अर्थ परका, घरापासून दुरावलेला. सातव्या शतकात पूर्वेकडून निघालेले अरब उत्तर आफ्रिकेचा किनारा धरून पश्चिमेला जात राहिले आणि एके ठिकाणी जमीनच संपली. पुढे अटलांटिक महासागर. त्या शेवटच्या प्रदेशाला नाव पडलं अल-मगरिब अल-अक्सा. शब्दाला शब्द ठेवून मराठी करायचं तर, सर्वांत दूरचा मावळ.

हे पुस्तक त्या मावळाविषयी आहे. जग त्याला मोरोक्को म्हणतं. हे नाव माराकेश या शहरावरून युरोपीय भाषांनी पाडलं. फारसी आणि उर्दूत तर देशालाच मराकश म्हणतात. तुर्कांनी दुसरं शहर धरलं, म्हणून त्यांच्या भाषेत हा देश 'फास', म्हणजे फेझ. (या शहराचा स्थानिक उच्चार 'फास' असा आहे, युरोपीय 'फेस' असा करतात. मराठीत फेस म्हटलं की दुधावरचा किंवा साबणाचाच डोळ्यांपुढे येतो, म्हणून पुस्तकभर 'फेझ' ठेवलं आहे.) परक्यांनी देशाला त्याच्या शहरांची नावं दिली. तिथला माणूस मात्र स्वतःला आजही मगरिबी म्हणवतो, मावळतीकडचा.

मोरोक्कोची माहिती आपल्यापर्यंत येते ती बहुधा चौकटींतून. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पानात कोपऱ्यात एक फोटो आणि खाली चार ओळी : झाडावर चढलेल्या शेळ्या, निळ्या रंगात न्हालेलं शफशावन गाव, हॉलिवुडच्या चित्रपटांत दिसणारे ऐत बेनहद्दूचे मातीचे वाडे. अशा चौकटी मी बरीच वर्षं कापून ठेवत होतो. माहिती खरी असायची, पण तिला आगापिछा नसायचा. शेळ्या झाडावर का चढतात? वाडे मातीचेच का? चौकट तिथंच संपलेली असायची. हे पुस्तक त्या 'का'च्या मागे लागून तयार झालं, आणि त्यामागे आणखी एक कारण होतं. ते जरा सविस्तर सांगायला हवं.

१३०४ मध्ये तांजियर बंदरात एका काझींच्या घराण्यात एक मुलगा जन्मला. एकविसाव्या वर्षी, १३२५ मध्ये, तो हजला म्हणून घरातून निघाला आणि कायमचा परतला तो एकोणतीस वर्षांनी. त्याचं नाव इब्न बतूता. दिल्लीला तो महंमद तुघलकाच्या दरबारी काझी होता, एवढं आपल्या शालेय इतिहासात येतं. पुढचं सहसा येत नाही. १३४२ मध्ये तुघलकानं त्याला चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून पाठवलं आणि त्या वाटेवर तो आपल्याकडून गेला. दौलताबादला राहिला, नंदुरबारला थांबला, खंबायतला गेला, आणि पुढे होनावरच्या सुलतानाच्या आरमाराबरोबर सिंदाबूरच्या, म्हणजे गोव्याच्या, लढाईतही उतरला.

त्यानं जे पाहिलं ते त्याच्या प्रवासवर्णनात आहे. दौलताबादचे लोक मराठे आहेत, हे तो नोंदवतो. तिथं द्राक्षं आणि डाळिंबं आहेत आणि त्यांना वर्षातून दोनदा बहर येतो, हे लिहितो. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा एक वेगळा बाजार आहे, त्याच्या मधोमध घुमटाची बैठक आहे आणि दर गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर गायकांचा मुख्य तिथं येऊन बसतो, इतक्या बारकाईनं सांगतो. किल्ल्याच्या अंधारकोठडीत मांजरापेक्षा मोठे उंदीर त्यानं स्वतः पाहिले. मांजरंच त्यांना पाहून पळतात, हे लिहिताना त्याचा धसका अजून जाणवतो. नंदुरबारच्या मराठ्यांत कुशल कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी आहेत. ते भात, भाज्या आणि तिळाचं तेल खातात. जनावराला इजा करणं त्यांना आवडत नाही. आणि जेवणाआधी अंघोळ करतात. शिवजन्माच्या जवळपास तीनशे वर्षं आधीच्या मराठी माणसाच्या जेवणाबद्दल मोरोक्कोच्या एका वाटसरूनं लिहून ठेवलेला हा मजकूर आहे. १३५५ मध्ये फेझच्या सुलतानाच्या आज्ञेवरून त्यानं हे सगळं इब्न जुझैय या लेखनिकाला सांगितलं, आणि दौलताबादची द्राक्षं मोरोक्कोच्या शाईत उतरली.

हा मजकूर पहिल्यांदा वाचला तेव्हा मी बराच वेळ पुस्तक मिटून बसून राहिलो. कुणी आपल्या घरी येऊन गेलं तर त्याच्याकडे परत जायचं असतं, ही आपली रीत. शेजारणीकडून वाटी आली तर ती रिकामी परत करत नाहीत. इब्न बतूता येऊन गेला, आपलं ताट पाहून गेला, आणि आपल्यापैकी किती जण त्याच्या ताटाकडे पाहायला गेले? म्हणून हे पुस्तक माझ्या मनात परतभेट आहे. तो जसं पाहायचा तसं पाहायचा प्रयत्न यात केला आहे : माणसं काय खातात, पाणी कुठून आणतात, कशाचा व्यापार करतात, कुणाला मान देतात.

न पाहण्याची आपली सवय किती खोल आहे, याचं एक उदाहरण माझ्याच पिढीचं आहे. ८ ऑगस्ट १९८४, लॉस एंजेलिस ऑलिंपिक, महिलांची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत. पी. टी. उषाचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं, ५५.४१ विरुद्ध ५५.४२. तो शंभरावा भाग आपल्या सगळ्यांच्या जिव्हारी लागलेला आहे, आणि लागायलाच हवा. पण त्या शर्यतीत पहिली कोण आली? मी अनेकांना विचारलं. उत्तर आलं नाही. पहिली आली नवाल अल-मुतवकिल, कासाब्लांकाची मुलगी, वेळ ५४.६१. मोरोक्कोचं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण, आणि आफ्रिका खंडातल्या किंवा अरब जगातल्या कुठल्याही मुस्लिम स्त्रीचंही पहिलंच. राजे दुसरे हसन यांनी त्या दिवशी देशात जन्मलेल्या मुलींचं नाव नवाल ठेवावं असं सुचवलं, अशी गोष्ट तिथं आजही सांगतात. एकाच पडद्यावर आपण दोघी पाहिल्या आणि एकच लक्षात ठेवली.

आता देशाकडे वळतो. मोरोक्को म्हटलं की वाळवंट आणि उंट आठवतात. खरं म्हणजे हा डोंगरांचा देश आहे. ॲटलासच्या रांगा नैऋत्येकडून ईशान्येकडे देशाच्या अंगावर तिरक्या पसरलेल्या आहेत आणि त्यांतलं तुबकाल हे ४,१६७ मीटरचं शिखर उत्तर आफ्रिकेतलं सर्वांत उंच. आफ्रिका खंडात आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान कुठलं, असं विचारलं तर किलिमांजारो आठवतो. प्रत्यक्षात ती नोंद मोरोक्कोतल्या इफ्रान गावची आहे, ११ फेब्रुवारी १९३५, उणे २३.९ अंश सेल्सिअस. इफ्रानच्या आसपास देवदाराची दाट जंगलं आहेत आणि हिवाळ्यात त्यांवर बर्फ साचतो. या डोंगरांवर देश उभा आहे, हे शब्दशः खरं आहे. अटलांटिकवरून येणारे ढग इथंच अडतात. एका अंगाला गहू आणि ऑलिव्ह पिकतात, पलीकडच्या अंगाला सहारा सुरू होतो. घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असताना पलीकडे माणदेश कोरडा राहतो, हे पाहिलेल्या माणसाला हा भूगोल लगेच कळतो. फरक एवढा की इथं डोंगर पाणी बर्फाच्या रूपानं साठवूनही ठेवतो आणि उन्हाळ्यात थोडं थोडं सोडतो.

ते पाणी कोरड्या अंगाला राहणाऱ्यांनी कसं मिळवलं, ही मला या देशाची सर्वांत मोठी गोष्ट वाटते. ताफिलाल्तच्या सपाट, तांबूस माळावर दुरून वारुळांची सरळ रांग दिसते. जवळ गेलं की कळतं, ही वारुळं माणसांनी घातली आहेत. प्रत्येकाच्या पोटात एक विहीर आहे आणि सगळ्या विहिरी खाली एका भुयारानं जोडलेल्या आहेत. याला तिथं खत्तारा म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशी पाणी लागेपर्यंत खणायचं, मग तिथून गावाकडे जमिनीच्या उतारापेक्षाही कमी उताराचं भुयार काढायचं, म्हणजे काही किलोमीटरनंतर पाणी आपोआप उजेडात येतं. मोट लागत नाही, पंप लागत नाही, आणि भुयारात असल्यानं पाणी उन्हानं उडून जात नाही. मधल्या विहिरी गाळ काढायला आणि हवा यायला. मी एका वारुळावर ओणवा होऊन आत पाहिलं. काळोख होता, ओल्या मातीचा वास होता, आणि खोलवरून पाण्याची अगदी बारीक खळखळ येत होती. बाहेर चाळीस अंशांचं ऊन.

ही विद्या मुळात इराणची. माराकेशला ती अल्मोराविद राजांच्या काळात पोचली. तीच विद्या दुसऱ्या टोकाला आपल्याकडेही आली. मलिक अंबरानं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकीसाठी, म्हणजे पुढच्या औरंगाबादसाठी, बांधलेली नहर-ए-अंबरी याच जातीची. माराकेश आणि औरंगाबाद या दोन शहरांनी एकाच युक्तीनं तहान भागवली, हे मला ताफिलाल्तच्या त्या वारुळावर पहिल्यांदा नीट उमगलं.

बाहेर आलेलं पाणी पाटांनी शेताला जातं आणि तिथं पाळ्या लागतात. पाळी कुणाची, किती वेळ, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. खणताना ज्या घराण्यानं जितके हात लावले तितका त्याचा हक्क. घड्याळ नव्हतं तेव्हा दक्षिणेतल्या काही गावांत वेळ मोजायला तळाला बारीक भोक पाडलेलं तांब्याचं भांडं पाण्यावर सोडत. ते भरून बुडालं की एक माप झालं. आपल्या लग्नातलं घटिकापात्र ते हेच. आपण त्यावर मुहूर्त मोजला, त्यांनी पाण्याची पाळी मोजली.

मात्र या खत्तारांतल्या कितीतरी आता कोरड्या आहेत. डिझेलच्या आणि विजेच्या पंपांनी पाण्याची पातळी भुयारांच्या खाली नेली. ज्याच्याकडे पैसा त्यानं खोल बोअर मारली, आणि ज्याची पाळी आजोबांपासून चालत आली होती त्याची पाळी पाण्याविना उरली. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे वाक्य समजावून सांगायची गरज नाही. त्यात २०१८ नंतर एकामागून एक दुष्काळाची वर्षं आली. २०२५ च्या फेब्रुवारीत राजे सहावे मोहम्मद यांनी प्रजेला आवाहन केलं, की यंदा बकरी ईदला कुर्बानी देऊ नका, देशातली जनावरं फार घटली आहेत. ज्या देशात प्रत्येक घर या सणासाठी वर्षभर पैसे बाजूला टाकतं, तिथं हा शब्द राजाला उच्चारावा लागला. १९९६ मध्ये त्याच्या वडिलांवरही दुष्काळामुळेच अशी वेळ आली होती.

त्याच वेळी नवी युक्तीही निघते आहे. सिदी इफ्नीजवळच्या बूतमझगिदा डोंगरावर समुद्राकडून धुकं येतं. तिथं 'दार सी हमद' या संस्थेनं मोठमोठ्या जाळ्या उभ्या केल्या आहेत. धुकं जाळीतून जाताना थेंब धरतात, थेंब ओघळून पन्हळीत येतात आणि नळानं खालच्या वस्त्यांत जातात. पाण्यासाठी रोज कित्येक तास चालणाऱ्या बायकांच्या दारात धुकं नळानं आलं.

आता त्या शेळ्या. अर्गनचं झाड जगात नैसर्गिकरीत्या वाढतं ते जवळपास फक्त नैऋत्य मोरोक्कोत. काटेरी, वाकडंतिकडं, मुळं खोल गेलेली, सहाराला अडवून धरणारं. जमिनीवर चारा नसतो आणि झाडावर पिवळसर फळं असतात, म्हणून शेळी चढते. भूक हे तिचं कारण. फळाची बी शेळी रवंथ करताना तोंडातून टाकून देते आणि अशानं बी दूर जाऊन पडते, हे २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं. रस्त्याकडेला काही ठिकाणी पर्यटकांच्या फोटोसाठी शेळ्यांना मुद्दाम फांद्यांवर उभं करून ठेवतात, तेही याच पुस्तकात सांगितलं पाहिजे; तासन्‌तास उन्हात ताटकळणारी ती जनावरं पाहवत नाहीत. पण या झाडाची खरी गोष्ट खाली, सावलीत चालू असते. बायका गोल करून बसतात, मांडीशी एक दगड, हातात दुसरा. टणक कवच एका ठोक्यात फोडायचं आणि आतला दाणा अख्खा काढायचा. एक लिटर तेलाइतके दाणे हातानं काढायला दिवस पुरत नाही. हे तेल पूर्वी मातीमोलानं जायचं. रबातच्या विद्यापीठातल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका झुबैदा शरूफ यांनी १९९० च्या दशकात या बायकांच्या सहकारी संस्था उभ्या केल्या. सुरुवातीला त्यांत आल्या त्या विधवा आणि टाकलेल्या बायका, कारण इतरांना घरून परवानगी नव्हती. पुढे पैसा दिसू लागला तशी दारं उघडली. या पुस्तकातलं माझं सर्वांत आवडतं प्रकरण हे आहे.

फेझच्या जुन्या गावाबद्दल खूप लिहिलं गेलं आहे, म्हणून इथं थोडकंच. हजारो गल्ल्या, त्यांत मोटार शिरू शकत नाही, सामान खेचरावर जातं. याच गावात ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी या बाईनं वारशाच्या पैशातून करावियीन मशीद बांधली, असं परंपरा सांगते. तिथली विद्यापीठाची परंपरा आजतागायत चालू आहे. करावियीनच्या ग्रंथालयात इब्न खल्दूननं स्वतः भेट दिलेली त्याच्या इतिहासग्रंथाची प्रत आहे. ग्रंथालयाची इमारत ढासळत आली होती. ती सावरली अझीझा शावनी या स्थापत्यतज्ज्ञ बाईनं. एका बाईनं बांधलं, अकराशेहून अधिक वर्षांनी दुसरीनं सावरलं.

मला मात्र फेझमध्ये एका भट्टीनं धरून ठेवलं. मोरोक्कोत पाव घरोघर मळतात आणि भाजायला गल्लीच्या भट्टीवर, फरानवर, पाठवतात. सकाळी अकराच्या सुमारास शाळेच्या डगल्यातली एक मुलगी डोक्यावर फळी घेऊन आली. फळीवर फडक्याखाली पाच गोल, चपटे, फुगू लागलेले कच्चे पाव. काही न बोलता तिनं फळी ठेवली आणि पळाली. अशा वीस-पंचवीस फळ्या तिथं होत्या. भट्टीवाला खड्ड्यात कमरेइतका उतरून उभा, हातात दोन पुरुष लांबीचं लाकडी फावडं. एकेक पाव आत सारत होता, आतल्या आत जागा बदलत होता, काढत होता. कुठल्याही पावावर नाव नव्हतं, चिठ्ठी नव्हती. पण काढलेला प्रत्येक पाव तो न चुकता ज्याच्या त्याच्या फळीवर ठेवत होता. कुणाच्या पावाला काट्यानं टोचलेलं असतं, कुणी मधे बोटानं खळगा करतं, कुणाचा पाव कडेला जाड असतो. गल्लीतल्या प्रत्येक घराचा हात त्याला ओळखता येत होता. घराघरांत ओव्हन आले तशा अशा भट्ट्या कमी होत चालल्या आहेत. भट्टी बंद झाली की पाव कुठंही भाजता येईल, पण सगळ्या गल्लीचे हात ओळखणारा माणूस राहणार नाही.

आणि चहा. चिनी हिरवा चहा, गोळ्यांसारखा वळलेला. मूठभर ताजा पुदिना. आणि शंकूच्या आकाराच्या साखरेच्या ढेपेतून फोडलेला मोठा खडा. पहिल्या उकळत्या पाण्यानं पानं नुसती धुऊन घ्यायची. मग उकळी, मग एक पेला ओतून परत किटलीत, आणि शेवटी हात डोक्याएवढा उंच नेऊन पेल्यात बारीक धार. फेस आला नाही तर चहा जमला नाही. हे सगळं युगानुयुगं चालत आलं असावं असं वाटतं, पण घरोघरी चहा पोचला तो एकोणिसाव्या शतकात. क्रिमियाच्या युद्धात बाल्टिककडची गिऱ्हाइकं तुटली, तेव्हा ब्रिटिश व्यापाऱ्यांनी चिनी चहाच्या पेट्या तांजियर आणि मोगादोरच्या बंदरांत उतरवल्या. मूळच्या चिनी पानाला पुदिना देऊन मोरोक्कोनं ते आपलंसं केलं.

भाषेबद्दल एक खुलासा. इथले मूळ रहिवासी जगभर 'बर्बर' म्हणून ओळखले जातात. हा शब्द ग्रीकांनी परभाषिकांना हिणवायला वापरला होता, आणि मराठीत तर बर्बर म्हणजे सरळ रानटी. खत्तारा खणणाऱ्या, धुक्याचं पाणी पिणाऱ्या, अर्गन जपणाऱ्या माणसांना मी त्या शब्दानं हाक मारणार नाही. ते स्वतःला अमाझिघ म्हणवतात, म्हणून पुस्तकभर अमाझिघ. त्यांच्या भाषेला २०११ च्या राज्यघटनेनं अरबीच्या बरोबरीनं राजभाषा केलं. तिची तिफिनाग लिपी आज शाळांच्या आणि कचेऱ्यांच्या पाट्यांवर दिसते. २०२४ पासून जानेवारीतला अमाझिघ नववर्षदिन देशभर सुट्टीचा झाला. बाजारात मात्र सगळे बोलतात ती दारिजा, अरबी, अमाझिघ, फ्रेंच आणि स्पॅनिश यांच्या मिश्रणातून झालेली.

मराठी शेतकऱ्याशी या देशाचं एक रोजचं नातं आहे आणि ते सहसा कुणाला ठाऊक नसतं. शेतकरी ज्याला अठरा-शेहेचाळीस म्हणतो ते डीएपी खत. त्यातला शेहेचाळीस हा आकडा स्फुरदाचा. स्फुरद येतं फॉस्फेटच्या खडकातून, आणि जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मोरोक्कोच्या ताब्यात आहेत. १९२० मध्ये स्थापन झालेली सरकारी कंपनी खुरिब्गाच्या खाणींतून ते काढते. तो खडक आणि त्यापासून केलेलं फॉस्फरिक आम्ल यांचा भारत मोठा गिऱ्हाईक आहे. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर डीएपीची गोणी मिळत नाही म्हणून तालुक्याच्या दुकानापुढे रांग लागते, तेव्हा त्या रांगेचं एक टोक खुरिब्गात असतं. स्फुरदाला पिकाच्या बाबतीत दुसरा पर्याय नाही, ही गोष्ट लक्षात घेतली तर पुढच्या पन्नास वर्षांत या देशाचं नाव आपल्याला किती वेळा ऐकावं लागेल याचा अंदाज येतो.

याच संदर्भात नकाशाबद्दल लिहिणं भाग आहे. फॉस्फेटची एक मोठी खाण बू क्रा इथं आहे, तिच्यापासून समुद्रापर्यंत जवळपास १०० किलोमीटर लांबीचा वाहक पट्टा जातो, आणि ती आहे पश्चिम सहारात. १९७५ मध्ये स्पेन तिथून निघू लागलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात मोरोक्कोचे साडेतीन लाख लोक 'हरित यात्रा' काढून सीमेपलीकडे गेले. मोरोक्को त्या प्रदेशाला आपला म्हणतो, पोलिसारियो संघटना स्वातंत्र्य मागते, आणि संयुक्त राष्ट्रांच्या यादीत तो आजही स्वशासन न मिळालेला प्रदेश आहे. अल्जीरियातल्या छावण्यांत सहरावी निर्वासितांची तिसरी पिढी वाढते आहे. या पुस्तकातल्या नकाशात तिथं तुटक रेष आहे. ती छापताना झालेली चूक समजू नये.

बरंच काही पुस्तकात आहे आणि या प्रस्तावनेत नाही : जबल इरहूदला सापडलेली सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीची मानवी हाडं, वर्झाझातचा वितळलेल्या मिठात ऊन साठवून रात्री वीज देणारा सौरप्रकल्प, २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात उपांत्य फेरी गाठणारा आफ्रिकेतला पहिला संघ. ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्रीचा भूकंप मात्र मी स्वतंत्र प्रकरणात घेतला आहे. ॲटलासमधली मातीची गावंच्या गावं त्यात बसली आणि तीन हजारांच्या आसपास माणसं गेली. किल्लारी पाहिलेल्या वाचकानं ते प्रकरण सवडीनं वाचावं.

शेवटी तांजियर. जुन्या गावात, चढाच्या अरुंद गल्लीत, एक लहानशी कबर आहे. इब्न बतूताची म्हणून ती दाखवतात. मी गेलो तेव्हा दाराशी एक वयस्कर गृहस्थ बसले होते. मी भारतातून आलो म्हटल्यावर त्यांनी 'दिल्ली?' विचारलं. मी 'दौलताबाद' म्हणालो. त्यांचे डोळे चमकले. शाळेत ही सफर सगळेच वाचतात. तिथं अजून द्राक्षं होतात का, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, द्राक्षं आता नाशिककडे जास्त, दौलताबादच्या रस्त्याला टोपल्या लागतात त्या सीताफळांच्या. ते फळ काय असतं? इब्न बतूतानं ते पाहिलेलंच नव्हतं, अमेरिकेतून आपल्याकडे ते त्याच्यानंतर आलं. जांभूळ सांगायला त्याला ऑलिव्ह सापडलं होतं. मला काही सुचेना. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये म्हणालो, बाहेरून तुमच्या देवदाराच्या बोंडासारखं, आत साय आणि साखर, आणि काळ्या चकचकीत बिया. त्यांनी माझी वही पुढे ओढली आणि पेन हातात दिलं. कबरीच्या पायरीवर बसून मी सीताफळाचं चित्र काढलं.